टीमचे सगळे निर्णय व्यवस्थापकापाशीच का साचतात?

प्रश्न:
चाकण परिसरात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी उत्पादन विभागाचा व्यवस्थापक आहे. ओव्हरटाइमला कोणाला थांबवायचे, टूल आत्ता बदलायचे की शिफ्ट संपल्यावर, संशयित माल पुढे पाठवायचा की नाही, हे सारे प्रश्न सुपरवायझर माझ्याकडेच आणतात आणि मी मीटिंगमध्ये असलो की तोवर लाइन खोळंबते. नव्या मशीनची निवड आणि कामगारांचे प्रशिक्षण मात्र सतत पुढे ढकलले जाते. दिवसाची आखणी कशी करावी?

प्रतिसाद १:
आखणीच्या आधी निर्णयाचे अधिकार ठरवावेत, असे मला वाटते. ॲमेझॉनचे जेफ बेझोस यांनी भागधारकांना लिहिलेल्या २०१५ सालच्या पत्रात मागे फिरवता येणारे आणि न येणारे निर्णय असा भेद केला आहे. टूल बदलणे चुकले तर पुन्हा सेटिंग करता येते. तो निर्णय सुपरवायझरचाच असावा. गेटबाहेर गेलेला माल सहजासहजी परत आणता येत नाही, म्हणून तो निर्णय आपण स्वतःकडे ठेवावा. मात्र, दिलेल्या अधिकारात एखादा निर्णय चुकला म्हणून सर्वांसमोर बोल लावला, तर दुसऱ्याच दिवशी सगळे पुन्हा आपल्या दाराशी येतील.

प्रतिसाद २:
संशयित मालाबाबत मी असहमत आहे. टोयोटाच्या कारखान्यांत दोष दिसताच लाइनवरचा कामगार स्वतः इशाऱ्याची दोरी ओढतो किंवा बटण दाबतो, टीम लीडर धावून येतो आणि ठरलेल्या टप्प्यापर्यंत दोष दूर झाला नाही तर लाइन थांबते. त्यासाठी व्यवस्थापकाची परवानगी लागत नाही. माल बाजूला काढण्याचा अधिकार आपल्याकडेही प्रत्येक सुपरवायझरला असावा. तो सोडण्याचा अधिकार मात्र क्वालिटी विभागाकडेच हवा, कारण डिस्पॅचचे उद्दिष्ट ज्याच्या डोक्यावर आहे त्याने हा निर्णय घेणे ग्राहकाच्या हिताचे नाही.

प्रतिसाद ३:
मशीनच्या निवडीसाठी सकाळच्या प्रॉडक्शन मीटिंगनंतरचा तास राखून ठेवावा आणि त्या वेळेत निर्णय कोण घेणार, हे आधीच जाहीर करावे. मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची एक पद्धत येथे फार उपयोगी पडते: वर्षभरानंतर ही खरेदी फसली आहे असे गृहीत धरून प्रत्येकाने त्याची कारणे आधी स्वतंत्रपणे कागदावर लिहायची. त्यात मेंटेनन्सच्या लोकांना आवर्जून घ्यावे. सुटे भाग वेळेवर न मिळण्यासारख्या अडचणी तेच आधी सांगतात.

प्रश्नकर्ता:
क्वालिटीचा मुद्दा पटला. परंतु रात्रपाळीत माल सोडण्याचा अधिकार असलेले कोणीच आमच्याकडे नसते.

प्रतिसाद २:
मग तो माल सकाळपर्यंत संशयित मालासाठीच्या लाल खोक्यात कुलूपबंद राहू द्यावा. त्यामुळे डिस्पॅच वारंवार अडत असेल, तर रात्रपाळीला असा अधिकारी नेमण्याची मागणी आपण वरिष्ठांकडे लेखी करावी.