कुत्रा पाळताना दवाखान्यात काय काय शिकलात? अनुभव लिहा (सांगली-सातारा आणि आसपास)

कृष्णाकाठची
काल तासगावला नणंदेकडे गेलेले. बेदाण्याच्या शेडवर काम चालू होतं, जाळ्यांवरनं माल उतरवत होते आणि तिचा धाकटा तिथंच बसून कुत्र्याच्या पिल्लाला एकेक बेदाणा भरवत होता. मी ओरडलेच. सगळे बघायला लागले हिला काय झालं म्हणून. मला एकदम आमचा काळू आठवला.

काळू माहेरचा, मळ्यातलाच वाढलेला. एका मार्चमध्ये शेडखाली सांडलेला माल त्यानं पोटभर खाल्ला. संध्याकाळी उलटी झाली त्यात बेदाणे टम्म फुगलेले दिसत होते. दुसऱ्या दिवशी पडूनच, पाण्याकडे बघेना, लघवी पण जवळजवळ बंद. वडील सांगलीला घेऊन गेले. डॉक्टरांनी पहिलं विचारलं काय खाल्लंय, आणि बेदाणा म्हटल्यावर लगेच किडनीची रक्त तपासणी करायला सांगितली. क्रिएटिनिन वाढलेलं. बरेच दिवस सलाईन चाललं पण वाचला, नंतर खूप वर्षं जगला. तेव्हा आमच्या अख्ख्या शिवारात कुणाला माहीत नव्हतं की द्राक्ष नि बेदाणा कुत्र्याला विष आहे. अजून पण कितीजणांना माहीत आहे कोण जाणे, आपल्याकडे तर घराघरात बेदाणा. म्हणून धागा काढला. तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेलं जे कामाला आलं ते लिहा, छोटं असलं तरी चालेल.

मिरजकर
द्राक्ष पण चालत नाही?? आमचा रॉकी बागेत राखणीला असतो, घड खाली पडला की तोच संपवतो. आजवर काही झालं नाही त्याला

गुरांचा_डॉक्टर
मिरजकर, झालं नाही हे चांगलं झालं पण आजपासून बंद करा. एखाद्या कुत्र्याला बरीच खाऊन काही होत नाही, दुसऱ्याला थोडक्यात किडनी बसते. आधीच ओळखायचा काही मार्ग नाही. सुरक्षित प्रमाण असं कुणी सांगू शकत नाही. अलीकडे टार्टारिक आम्लाकडे बोट दाखवतात, ते चिंचेत पण असतं, त्यामुळं चिंचेचा गोळा पण लांब ठेवा. बेदाणा वाळलेला असल्यानं मूठभरात भरपूर जातो, म्हणून तो जास्त वाईट.
खाल्लेलं बघितलं तर पहिल्या एक-दोन तासात दवाखाना गाठा, इंजेक्शन देऊन उलटी काढता येते. उलटी व्हायची वाट बघू नका. घरी मिठाचं पाणी पाजू नका, त्यानं मीठच अंगावर येतं आणि झटके येतात. किडनीचा त्रास एक ते तीन दिवसांनी दिसतो, तोवर कुत्रं ठीक वाटतं आणि लोक निवांत राहतात.
बागेत दुसरा धोका फवारणीचा. टाकीजवळचं पाणी प्यायलं, औषधाची बाटली चावली तर तोंडाला फेस, अंग थरथरणं, डोळ्याची बाहुली टाचणीएवढी. येताना ती बाटली किंवा पाकीट सोबत आणा. नाव कळलं की आमचा अर्धा वेळ वाचतो.

मिरजकर
सांगतो भावाला आत्ताच. छाटणीनंतर डोळे फुटायला पेस्ट लावतात त्या टायमाला पण बांधूनच ठेवतो आता

शाहूपुरी_सातारा
आमच्याकडचं पार्वो. दोन पिल्लं आणलेली भावंडं, एक काळं-तांबडं रॉटवायलर मिक्स आणि एक पांढरं. ज्यांच्याकडनं आणली ते म्हणाले लस झालीये. कार्ड मागितलं तर देतो देतो. आठवड्यातच काळ्यानं खाणं सोडलं मग उलट्या मग रक्ताचे जुलाब, तो वास एकदा घरात शिरला की विसरत नाही माणूस. पोवई नाक्यावरनं रिक्षानं न्यायचो रोज सलाईनला सकाळ संध्याकाळ, मुलगी शाळेत जाताना रडत जायची. डॉक्टर म्हणाले या विषाणूवर थेट औषध नाही, पाणी भरायचं, उलटी थांबवायची, दुसरा जंतू चढू द्यायचा नाही आणि आतडं आपलं आपण सावरेपर्यंत जीव टिकवायचा. काळं गेलं. पांढरं वाचलं, आत्ता पायाशी झोपलंय.
एक नक्की सांगते, फिनेलनं पार्वो मरत नाही. आम्ही बाटल्या ओतत होतो. डॉक्टरांनी ब्लीच सांगितलं, एका भागाला तीस भाग पाणी, दहा मिनिटं राहू द्यायचं मग धुवायचं. आणि मातीत तो महिनोन्महिने राहतो म्हणून अंगणात नवीन पिल्लू लगेच आणायचं नाही.

पिंकीची_आई
वाचूनच पोटात कालवलं गं. लेक आता ठीक आहे ना?

शाहूपुरी_सातारा
हो, ती आता दहावीला. व्हेट व्हायचं म्हणतेय, शिरवळच्या कॉलेजला.

गुरांचा_डॉक्टर
येऊ द्या, आमचंच कॉलेज :)
लस झालीये असं तोंडी कुणी सांगितलं तर नाही झाली असंच धरा. बाटलीवरचं स्टिकर, तारीख, डॉक्टरची सही असलेलं कार्डच खरं. पहिली सहा ते आठ आठवड्यांची असताना, मग तीन-चार आठवड्यांनी परत, सोळा आठवडे होईपर्यंत. एवढे डोस का विचारतात लोक. आईच्या दुधातनं आलेली ताकद सुरवातीच्या लसीला काम करू देत नाही आणि ती नेमकी कधी संपते ते प्रत्येक पिल्लाचं वेगळं. मधला डोस चुकवला तर त्याच फटीत पार्वो शिरतो. रेबीजची तीन महिन्यांची झाल्यावर, मग दरवर्षी.

वाळव्याचा_पैलवान
गोचीड!!! त्यावर कुणीच कसं लिहिलं नाही
आमचा वाघ्या गोठ्यात म्हशींबरोबर. एक दिवस नाकातनं रक्त यायला लागलं, आम्हाला वाटलं म्हशीनं लाथ घातली. डॉक्टरनी ओठ वर करून हिरडी दाखवली, पांढरी फट. बोटानं दाबायला लावली, सोडल्यावर रंग दोन सेकंदात परत यायला पाहिजे म्हणाले. प्लेटलेट पार तळाला गेलेल्या, गोचीड ताप. डॉक्सीच्या गोळ्या २८ दिवस. आठव्या दिवशी वाघ्या पळायला लागला तर आई म्हणती बंद कर आता कशाला पैसे घालवतोस, पण डॉक्टरनी बजावलेलं कोर्स पुरा करायचाच नाहीतर आतल्या आत राहतो तो.
आणि गोचीड कुत्र्यावर कमी, भिंतीत जास्त असतात. मादी रक्त पिऊन टम्म झाली की खाली पडती, भिंतीच्या फटीत जाऊन हजारोनी अंडी घालती. आम्ही गोठ्याच्या सगळ्या फटी सिमेंटनी लिंपल्या, कुत्र्याला डॉक्टरच्या हिशोबानी गोळी चालू. आजी रॉकेल लाव म्हणायची, डॉक्टर म्हणाले कातडी भाजती आणि चाटलं तर पोटात जातं. चिमट्यानं कातडीजवळ धरून सरळ ओढायचा, चिरडायचा नाही.

आज्जीची_नात
मांजर असेल घरात तर कुत्र्याचं गोचीडाचं औषध मांजराला लावू नका हां. परमेथ्रिन असतं काहींत, मांजराला झटके येतात. आमच्या शेजारी झालंय

गावभाग_सांगली
२०१९ च्या पुरात आमची राणी आमच्याबरोबर माडीवर होती. बोट आली तेव्हा आधी आजोबांना उतरवलं आणि मग तिला पोत्यात घालून. त्या बोटीतल्या पोरांनी एका शब्दानं नाही म्हटलं नाही, कुठं असतील तिथं सुखी राहोत. पाणी ओसरल्यावर घर साफ करायला गेलो तर ती आमच्याबरोबर चिखलात. पुढं तिला ताप आला, मागचे पाय ओढायला लागली, डोळ्याचा पांढरा भाग पिवळा. लेप्टो. उंदराच्या लघवीतनं पाण्यात येतो. डॉक्टर म्हणाले हा माणसाला पण होतो, तिची लघवी पुसताना हातमोजे घाला, अंगावर जखम असेल तर लांब राहा. बरी झाली. लेप्टोची लस असते हे आम्हाला तेव्हाच कळलं, पण सगळ्या लसींमध्ये ती नसते, विचारून घ्यावी लागते. २०२१ ला पाणी आलं तेव्हा राणीची लस झालेली होती आणि आम्ही सगळेच आधी मामाकडे विश्रामबागला.

कृष्णाकाठची
आमचं पण घर पाण्यात होतं २०१९ ला, कर्नाळ रोडला. आठवलं तरी नको वाटतं. राणी आहे का अजून?

गावभाग_सांगली
आहे. म्हातारी झालीये, मोतीबिंदू आलाय, पण कुकरची शिट्टी ऐकली की पहिली स्वयंपाकघरात.

डोंगरी_कराड
थोडक्यात लिहितो, उसाची गाडी भरायची आहे. शेरूला घोणस चावली, तोंडाला. डोकं सुजून दुप्पट. लोक म्हणाले मांत्रिकाकडं न्या, मी सरळ दवाखान्यात. डॉक्टरनी रक्त काचेच्या नळीत घेतलं आणि वीस मिनिटं न हलवता ठेवलं. मी घड्याळाकडं बघत उभा. नळी तिरकी केली तर रक्त पाण्यासारखं वाहिलं, गोठलंच नाही. मग लस सुरू केली सलाईनमधनं. माणसाला देतात तीच, नाग मण्यार घोणस फुरसं चौघांवर एकच. चिरा मारायचा नाही, घट्ट दोरी बांधायची नाही, कुत्र्याला चालवायचं नाही, उचलून न्यायचं.
बिबट्याचं परत कधीतरी. रात्री कुत्रं बाहेर बांधू नका एवढंच. साखळीला बांधलेलं कुत्रं पळू पण शकत नाही.

यवतेश्वर_घाट
बिबट्याचं लिहाच, आमच्याकडं पण फिरतोय सध्या. आम्ही रात्री जाळीच्या खोलीत घेतो दोघांना, वर पण जाळी.

जतचा_पाव्हणा
कारवानी पाळणारं कुणी आहे का हितं? आमच्यात पिढ्यानपिढ्या कारवानी. मागच्या सालाला कुत्रीचं ऑपरेशन करायचं होतं तर डॉक्टर म्हणले ही जात अंगानं सडपातळ, चरबी नाही, त्यामुळं भुलीचं औषध हिशोबानं द्यावं लागतं, काही औषधं उतरायला वेळ लागतो. सोबत्यांनी ध्यानात ठेवा, भूल द्यायच्या आधी डॉक्टरला जात सांगा

आज्जीची_नात
पिल्लं आहेत का दादा? माझ्या काकांना पाहिजे, आटपाडीला असतात

जतचा_पाव्हणा
दिवाळीनंतर. व्यनि करा.

पिंकीची_आई
मी लिहिते आता, दूध गॅसवर ठेवून लिहितेय. आमची लॅब पिंकी. माजावर येऊन गेली आणि महिनाभरानं पाणीच पाणी प्यायला लागली. भांडं भरलं की रिकामं. उन्हाळा होता त्यामुळं कुणाला काही वाटेना. मग जेवण कमी झालं, सारखी मागून चाटायची. आमच्या बाई डॉक्टर आहेत त्या फोनवर पाणी हा शब्द ऐकल्याबरोबर म्हणाल्या लगेच घेऊन या. सोनोग्राफीत गर्भपिशवी पूने भरलेली, पायोमेट्रा. त्याच रात्री ऑपरेशन. पिशवी फुटली असती तर हाती काही लागलं नसतं म्हणाल्या. पिल्लं घ्यायची नसतील तर वेळेत नसबंदी करा, सहा-सात वर्षांची झाल्यावर ही भीती जास्त. आमच्या सासूबाईंचा विरोध होता, एकदा तरी आई होऊ दे म्हणायच्या. आता त्याच येईल त्याला सांगतात नसबंदी करा म्हणून.

शाहूपुरी_सातारा
दूध उतू गेलं का ताई?

पिंकीची_आई
गेलं :)

मिरजकर
एक प्रश्न. घरचा लस घेतलेला कुत्रा खेळताना दात लागला तर माणसाला इंजेक्शन घ्यायचं का? पोराला लागलाय काल, जरासं खरचटलंय

गुरांचा_डॉक्टर
आत्ता उठून जा, धागा नंतर वाचा. जखम साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा, काल धुतली असेल तरी. हळद चुना तिखट काही लावू नका. मग सरकारी दवाखान्यात दाखवा, कुत्र्याचं लसीचं कार्ड घेऊन. इंजेक्शन लागेल का ते माणसांचे डॉक्टर ठरवतील, तुम्ही नाही आणि मी पण नाही. सुरू केलं तर सगळे डोस पुरे करायचे, तारखा कार्डावर लिहून देतात. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून इथं चालढकल नको. आणि दहा दिवस रॉकीवर नजर ठेवा, खातो का, आवाज बदलला का, लाळ गळते का.

मिरजकर
निघालो.

कृष्णाकाठची
काय सांगितलं ते इथं लिहा दादा, लक्ष लागून राहील.

सदर_बझार
सातारा सांगली प्रवास करणाऱ्यांसाठी. एप्रिलमध्ये आमचा पग गाडीत होता, चहाला थांबलो, काच थोडी खाली ठेवलेली. परत येईपर्यंत जीभ जांभळी, डोळे फिरवलेले. मिस्टरांनी नळाखाली धरला, साधंच पाणी, पोट आणि मांड्या भिजवल्या, गाडीचा एसी तोंडावर. डॉक्टर म्हणाले बर्फ घातला नाहीत ते बरं, बर्फानं वरच्या नसा आखडतात आणि आतली उष्णता आतच राहते. कुत्र्याचं नॉर्मल १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, याचं १०६ च्या वर होतं. चपट्या नाकाच्यांना धापा टाकून अंग गार करणं जमतच नाही नीट. काच थोडी उघडी ठेवून काही होत नाही, कुत्रं गाडीत सोडायचंच नाही.

वाळव्याचा_पैलवान
पगला जेवायला काय देता वहिनी? आमचा वाघ्या भाकरी-दूध, कधी अंडं. कांदा-लसणाचं कालवण बंद केलंय, रक्त फुटतं म्हणाले डॉक्टर

सदर_बझार
भात, चिकन बिनमसाल्याचं, गाजर. शिजवलेली हाडं अजिबात नाही.

यवतेश्वर_घाट
रविवारी रात्री आमच्या भागात कुणी डॉक्टर उचलत नाही फोन. काय करता तुम्ही लोक?

गुरांचा_डॉक्टर
१९६२ हा सरकारचा टोल फ्री नंबर आहे जनावरांच्या दवाखान्याचा, लावून बघा. पण रात्रीला त्याच्यावरच विसंबू नका. आजच तुमच्या नेहमीच्या डॉक्टरना विचारून ठेवा की ते नसताना कुणाकडं जायचं, आणि ते दोन नंबर फ्रीजवर चिकटवा. पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन स्वतःच्या मनानं देऊ नका, तापाला सुद्धा.

मिरजकर
आलो जाऊन. पहिला डोस दिला, पुढच्या तारखा दिल्यात. रॉकीचं कार्ड बघितलं तर बूस्टर दोन महिन्यांपूर्वीच व्हायला हवा होता, उद्या सकाळी त्याचा नंबर. पोरगं म्हणतंय मी पण येणार रॉकीला धरायला.

कृष्णाकाठची
बरं झालं गेलात. नणंदेला पण धाग्याची लिंक पाठवलीये, तिनं शेडभोवती जाळी मारायला माणूस सांगितलाय. डोंगरी_कराड, ऊस भरून झाला असेल तर बिबट्याचं लिहा.