भट्ट्या निम्म्या केल्या की हवा मानकात? मॉडेलवाल्यांना उत्तर

कट्ट्यावरचा: काल इथं ‘आकडेबाज’ यांनी जालन्याच्या पीएम २.५ चा (हवेतल्या अतिसूक्ष्म कणांचा) आलेख टाकून लिहिलं, “मॉडेल सांगतंय, पोलाद वितळवणाऱ्या भट्ट्यांचं उत्पादन निम्मं केलं की हवा मानकात येते. आता वाद नको.” वाद तिथूनच सुरू होतो राव. हे मॉडेल शिकलं कशावर? तापमान, वारा, आर्द्रता, आदल्या दिवशीचा आकडा. उद्याचा अंदाज ते झकास देईल, कारण उद्याही भट्ट्या आजच्यासारख्याच चालणार. निम्म्या भट्ट्यांचा जालना त्यानं बघितलाच नाही. थंडीत वारा पडतो, थंड हवा खाली दबून बसते, त्याच दिवसांत कापसाच्या पऱ्हाट्या पेटतात, साखर कारखान्यांचा गळीत हंगाम चालू असतो. यातला भट्टीचा वाटा ते वेगळा कसा काढणार? शिवाय थोडी पीएम २.५ धुराड्यातून येतच नाही, सल्फर डायऑक्साइडचं हवेतच सल्फेट होऊन बनते. परळीच्या औष्णिक वीज केंद्राचं धुराडं तुमच्या कुठल्या रकान्यात आहे?

आकडेबाज: मग रसायनाची समीकरणं सोडवणारी मॉडेलं वापरू? त्यांना भट्टीनिहाय उत्सर्जनाची यादी लागते. भट्टीवाले खरं उत्पादन सांगतात का? माझं मॉडेल निदान मोजलेल्या आकड्यांवर उभं आहे. आणि बदललेलं उत्सर्जन त्यानं पाहिलंय: २५ मार्च २०२० नंतरचं लॉकडाऊन. हवामानाचा परिणाम वजा करून उरलेली घट जगभर मोजली गेली.

कट्ट्यावरचा: एप्रिलच्या उन्हातला हिशोब जानेवारीच्या रात्रीला लावता? त्याच लॉकडाऊनमध्ये कित्येक शहरांत नायट्रोजन ऑक्साइड घटले आणि ओझोन वाढला. सरळ रेषेत काही घटत नसतं.

वितळणवाला: मी भट्टीवर काम करतो. चुंबकानं भंगार टाकलं की त्यातलं तेल, रंग, रबर एकदम पेटतं. तपकिरी लोट उठतो. धूर ओढणारं हूड तेव्हा बाजूला सारलेलं असतं, भंगार टाकायला आडवं येतं म्हणून! हे कुठल्या आलेखात आहे? दुसरं, आधी रात्रीची वीज सवलतीची होती, म्हणून वितळण रात्री चालायचं. २०२५ मध्ये रात्रीची सवलत काढून दिवसाच्या सौर तासांना दिली. ज्यानं पाळी दिवसावर आणली त्याचा धूर तापलेल्या हवेत वर जातो. धूर तेवढाच, खालचा आकडा वेगळा. मॉडेलला लाईट बिल कोण दाखवणार?

काळी_जमीन: पऱ्हाटीचं नाव घेतलंच का! बोंडअळी नको म्हणून फरदड (वेचणीनंतर लांबवलेला कापूस) ठेवू नका, पऱ्हाटी शेतात राहू देऊ नका, असं कृषी खातंच सांगायलंय. पऱ्हाटी बारीक करणारं श्रेडर वेळेवर मिळत नाही, मजूर तर नाहीच. मग काय उशाला घेऊन झोपू? प्रदूषित हवेच्या शहरांच्या २०१९ च्या सरकारी यादीत जालना, लातूर, औरंगाबाद तिन्ही आले. प्रगती मोजायची पीएम १० वर, म्हणजे जाडसर धुळीवर, म्हणून पैसा रस्ते झाडायच्या गाड्यांवर. दोष मात्र शेतकऱ्याला.

मांजराकाठ: उसाची पाचट तरी जाळू नका. युरिया, सुपर फॉस्फेट टाकून सरीत कुजवा. आमच्या वडिलांनी कुजवली, पाण्याच्या पाळ्या कमी झाल्या.

काळी_जमीन: तुमच्या वडिलांना मांजरा नदी होती! आमच्याकडं ऊसतोड टोळीवाले फड पेटवल्याशिवाय कोयता लावत नाहीत, आणि वर कारखाना जळीत ऊस म्हणून कपात करतो. दोन्हीकडून आम्हीच.

मांजराकाठ: मांजरा? २०१६ ला लातूरला रेल्वेनं पाणी आणलं होतं, आठवतंय का?

काळी_जमीन: शहराला आणलं. उसाला नाही.

आकडेबाज: विषय हवेचा होता मंडळी. कट्ट्यावरचे, ‘येते’ खोडून ‘येऊ शकते’ लिहितो, जीव शांत झाला का? पण यादी नाही, सगळे स्रोत माहीत नाहीत, म्हणून अंदाजच करायचा नाही का? वितळणवाले, तासागणिक युनिटं द्या, लगेच मॉडेलमध्ये टाकतो.

वितळणवाला: मी कामगार आहे, बिलं मालकाकडं. मागून बघा.

काळी_जमीन: अन् श्रेडरचं काय ठरलं?