मदत हवी आहे: कॉम्प्युटरची आणि डिझाइनची मुलं एका प्रोजेक्टवर खरोखर एकत्र कशी काम करतील?

नमस्कार मंडळी,

पुण्यातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी तिसऱ्या वर्षाचे मिनी प्रोजेक्ट बघते. यंदा शहरातल्याच एका डिझाइन कॉलेजाबरोबर ते मिळून करायचं ठरलं. दर गटात दोन्हीकडची मुलं आणि एक खराखुरा वापरकर्ता. ठरताना सगळ्यांनी माना डोलावल्या. आता निम्मं सेमिस्टर संपलंय आणि बहुतेक गटांत डिझाइनवाले फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये स्क्रीन करतात, लिंक व्हॉट्सॲपवर टाकतात आणि मोकळे होतात. आमची मुलं त्यातलं जमेल तेवढंच उचलतात. तक्रारी घेऊन मात्र दोघंही माझ्याच टेबलापाशी.

एका गटाचं जरा सविस्तर सांगते. त्यांच्या वापरकर्त्या म्हणजे घरगुती डबे देणाऱ्या एक काकू. आमच्या मुलांनी त्यांना न भेटताच लॉगिन, ओटीपी, डेटाबेसची टेबलं सगळं उभं केलं. डिझाइनच्या दोघी सकाळी काकूंच्या ओट्यापाशी जाऊन बसल्या. ऐन वेळी फोन वाजतो तेव्हा काकूंचे दोन्ही हात कणकेत. सून फोन काकूंच्या कानाशी धरते, काकू "जोशींचा उद्या खाडा" म्हणतात आणि सून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात पेन्सिलने फुली मारते. महिनाअखेरीला फुल्या मोजून बिल. म्हणजे खरं काम खाड्यांचं, आणि एक नोंद दोघी मिळून करतात! आमच्या मुलांच्या टेबलांत खाडा नावाची गोष्टच नव्हती, आणि लॉगिन एकाच माणसाचं. टिपणं हातात पडल्यावर मुलांचं उत्तर, "हे आधी सांगायचं ना, आता टेबलं झाली."

मला यात नुसता मुलांचा दोष दिसत नाही. आमच्याकडे मार्क कोड, रिपोर्ट आणि ओरलला. त्यांच्याकडे ज्युरी असते, तिथे विचारप्रक्रिया बघतात. काकूंचं काम सोपं झालं का, याला दोन्हीकडे शून्य मार्क. मग ओट्यापाशी कोण जाऊन बसणार?

कोणी असे संयुक्त प्रोजेक्ट घेतले असतील तर सांगा: कामं वाटून द्यायची की नाहीत? डिझाइन एक स्प्रिंट (म्हणजे कामाची ठरावीक मुदतीची एक फेरी) पुढे ठेवायचं म्हणतात, ते सेमिस्टरमध्ये चालतं का? आणि मार्कांचं काय करायचं?

प्रतिसाद १
मॅडम, मी यूएक्समध्ये, म्हणजे वापरकर्त्याला सोयीचं डिझाइन करण्याच्या कामात, नोकरी करतो. एक स्प्रिंट पुढे राहण्याची पद्धत ऑटोडेस्कच्या डेझिरे साय यांनी २००७ मध्ये लेख लिहून मांडली. त्यात डेव्हलपर चालू फेरीचा कोड लिहितात, तोवर डिझाइनर पुढच्या फेरीचं डिझाइन करतात, त्याच्या पुढच्या फेरीसाठी वापरकर्त्यांना भेटतात आणि मागच्या फेरीत झालेलं काम तपासतात. पण ती माणसं रोज एकत्र बसणारी. आठवड्यातून एकदा भेटणाऱ्या मुलांच्या हातात ती पद्धत दिलीत तर पुन्हा लिंक टाकून मोकळं होणंच पदरात पडेल. त्यापेक्षा पहिल्या भेटीला कोड लिहिणारा एक तरी हवाच, असा नियम करा. प्रश्न डिझाइनवाल्याने विचारायचे, टिपणं कोडवाल्याने काढायची. आणि परत आल्यावर आधी कागदी प्रोटोटाइप (कागदावर काढलेला कच्चा नमुना), लॅपटॉप बंद. कागदावर खाड्याचा रकाना वाढवायला कोणी कुरकुरत नाही.

प्रतिसाद २
वापरकर्त्यांच्या हाती देऊन करायच्या चाचणीला पाच जण पुरतात हे मुलं पाठ करून येतात. नील्सन आणि लँडाउअर यांचं १९९३ चं गणित आहे ते: एका वापरकर्त्याकडून सरासरी ३१ टक्के अडचणी कळतात असं धरलं, तर पाचांत ८५ टक्क्यांच्या आसपास. वापरकर्ते साधारण एकाच प्रकारचे असतील तरच. तेव्हा होस्टेलवरचे पाच मित्र चालणार नाहीत, डबेवाल्या आणखी काकू शोधायला लावा. (आणि जॉन ब्रुक यांची, वापरायला किती सोपं आहे ते मोजणारी दहा विधानांची सस (SUS) प्रश्नावली वापरलीत तर तिचा ० ते १०० चा गुण म्हणजे टक्के नव्हेत हे आधीच बजावा. "७० टक्के वापरकर्ते खूश" असं वाचून माझे डोळे दुखलेत.)

प्रतिसाद ३
मीही शिकवतो. अंतर्गत मार्कांतला एक भाग दोन्ही कॉलेजांनी मिळून द्यायचा, गटाला एकच आकडा. तो कशाला? वापरकर्त्याला भेटून आल्यावर बदललेल्या एका निर्णयाला. आधीचं आणि नंतरचं दोन्ही समोर ठेवायचं. ओरलला मात्र उलटं विचारतो: टेबलांची रचना डिझाइनच्या मुलीला, आणि कॅलेंडरवर फुली कोण मारतं हे कोडवाल्याला. पहिल्या ओरलला तारांबळ उडते, दुसऱ्याला आपापसात शिकवून येतात.

धागाकर्ती
तिघांचेही आभार. उलट्या प्रश्नांचं पुढच्याच ओरलला करून बघते. सर, एक शंका: अंतर्गत मार्क आपल्या हातात आहेत, पण एक्सटर्नल (बाहेरचे परीक्षक) येऊन थेट "कोड चालवून दाखवा" म्हणतात. त्यांच्यापुढे हा बदललेला निर्णय कसा मांडायला लावता? रिपोर्टमध्ये वेगळं प्रकरण करता की डेमोतच दाखवता?