संध्याकाळचा वडापाव सुटत नाहीये, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,
वजन कमी करायचं मनावर घेतलंय. सकाळ-दुपार ठीक जाते, भाकरी-उसळ-ताक सगळं घरचं. घोडं पेंड खातं ते संध्याकाळी. डोंबिवलीला उतरून स्टेशनबाहेर आलं की गरम घाणा निघत असतो, लसणाची लाल चटणी, मीठ लावलेली तळलेली मिरची, वर मागितला तर चुरापण. दुपारचं जेवण एकला आणि घरी पोचायला साडेआठ, त्यामुळे पोटात कावळे ओरडतच असतात. एका वडापावात साधारण ३०० कॅलरी, आणि एकावर कोण थांबतं!

"मनावर ताबा ठेव" हे सासूबाई रोज ऐकवतात, तेवढं सोडून सांगा. ऑफिसमध्ये पाच-सहाला काय खाल्लं तर भूक घरापर्यंत दम धरेल? फुटाणे खाऊन पाहिले, ठाणं यायच्या आत पुन्हा भूक. अंडी चालतात, पण मंगळवार-गुरुवार नाही. फ्रिज नाही, तेव्हा डब्यात दिवसभर टिकणारं हवं.

आणि ज्यांची सवय खरोखर सुटली त्यांनी सांगा: एकदम बंद केलंत, की आठवड्यातून एक ठेवलात? एक ठेवला की माझे चार होतात, म्हणून विचारतेय. शुगर, थायरॉईड नॉर्मल आहे.