शब्दचर्चा : 'सायको'तल्या मॅरियनला उपरती होते की ती पस्तावते?

ताकभात : हिचकॉकच्या 'सायको'वर (१९६०) दोन पानं लिहितेय. त्यातली मॅरियन मालकाने सोपवलेले पैसे घेऊन पळते, वाटेत एका मोटेलमध्ये उतरते आणि तिथे आंघोळ करताना तिचा खून होतो. माझ्या लेखात एक वाक्य आहे : "आंघोळीला जाण्याआधी मॅरियनला उपरती होते." नवऱ्याने 'उपरती'खाली लाल रेघ मारली. म्हणे, उपरती पापाची होते, ही बाई नुसती घाबरली आहे, 'पस्तावते' लिही. मला 'पस्तावते' खटकतंय, पण का ते धड सांगता येईना. (इतक्या जुन्या सिनेमाचं रहस्य फुटलं म्हणून कुणी रागावू नये.)

शब्दभुंगा : 'पस्तावणं' बऱ्याचदा नुकसानीचं असतं. "घाईने प्लॉट विकला आणि पस्तावलो." यात पाप कुठे आहे? 'पश्चात्ताप' त्याच घरातला, पण मराठीत दोघांच्या चुली वेगळ्या झाल्या. पश्चात्ताप म्हटलं की आपल्या हातून कुणाचं तरी वाईट झालेलं असतं.

'उपरती'चं मूळ 'उप + रम्', म्हणजे थांबणं, निवृत्त होणं. वेदान्तात शम, दम (मन आणि इंद्रियं आवरणं) यांच्या पाठोपाठ उपरती येते. तिथे ती विषयांपासून मागे फिरण्याची. त्यासाठी आधी काही गुन्हा करावा लागत नाही. मराठीत मात्र चुकलेल्यालाच उपरती होते. तरी थांबण्याचा मूळ अर्थ शब्दातून गेलेला नाही. नुसतं रडून भागत नाही, पावलं फिरावी लागतात. मॅरियनची फिरतात का, एवढंच बघा.

पावशेर : फिरतात, पण कधी ते महत्त्वाचं. भीती तर पैसे घेतले त्या शुक्रवारपासूनच आहे. फिनिक्समधून निघताना चौकात मालकच गाडीसमोरून जातो आणि तिच्याकडे वळून बघतो. सकाळी गाडीत झोपलेली असताना पोलीस काच ठोठावतो. तोच पुढे जुन्या गाड्यांच्या दुकानासमोर येऊन उभा राहतो. या कशानेही ती परत फिरत नाही. उलट वर ७०० डॉलर मोजून गाडी बदलते! रात्री गाडी चालवताना ज्याचे ते पैसे त्या कॅसिडीचा थयथयाट मनातल्या मनात ऐकून तिच्या ओठांवर एक हसू येतं, ते मला सगळ्या सिनेमात जास्त अस्वस्थ करतं. भीतीने ती पुढेच पळते.

ती वळते ती मोटेल चालवणाऱ्या नॉर्मनबरोबर सँडविच खाताना. माणसं आपापल्या सापळ्यात अडकलेली असतात, असं तो सांगतो. त्यावर ती म्हणते, मीही तिकडे एका सापळ्यात पाय टाकलाय, उशीर व्हायच्या आत परत जाऊन बाहेर पडायचं बघते. त्या क्षणी मागे पोलीस नाही, मालक नाही. म्हणून मी उपरतीच्या बाजूने.

निवृत्त कारकून : उपरतीच्या आधी कृत्याचं नाव ठरवा. जो तो 'मॅरियनने चोरी केली' लिहितो. मालक लोअरीने ४०,००० डॉलर बँकेत ठेवायला तिच्या हातात दिले. रक्कम रीतसर ताब्यात आली, मग फिरवली. आम्ही याला अपहार म्हणायचो. आपल्या जुन्या दंड संहितेत चोरी कलम ३७८, न्यासभंग (विश्वासाने सोपवलेलं गिळणं) ४०५, आणि तोच कारकुनाने किंवा नोकराने केला तर ४०८. ॲरिझोनात आपली कलमं चालणार नाहीत, शब्दापुरतं सांगतो.

शब्दाने माणूस बदलतो. कॅसिडी मोठा उद्दाम, बुडाले तरी चालतील एवढेच पैसे जवळ बाळगतो म्हणून फुशारकी मारणारा. त्याची 'चोरी' झाली म्हटलं की प्रेक्षक मनातून खूश. 'अपहार' म्हटलं की लोअरी आठवतो, ज्याने डोकं दुखतंय म्हणणाऱ्या बाईला विश्वासाने सोडलं.

ताकभात : 'अपहार' घेतला. आता नवऱ्याचा नवा मुद्दा : खोलीत बसून ती ४०,००० मधून ७०० वजा करते, ३९,३०० लिहिते. ही कसली उपरती, हा तर हिशेब! पण समोर तिचं स्वतःचं बँकेचं पुस्तकही उघडं आहे आणि त्यात ७०० भरून काढण्याइतकी शिल्लक आहे. म्हणजे हिशेब भरपाईचा. पदरचे घालायची तयारी आहे.

शब्दभुंगा : मग ठेवा बिनधास्त. वर्तमानपत्रांनी 'अखेर प्रशासनाला उपरती' छापून छापून शब्द पार पातळ केलाय, तुमच्याकडे निदान थोडा दाट होईल. 'अनुताप'ही सुचवणार होतो. तुकोबांच्या अभंगात चित्त अनुतापात न्हातं, आणि इथे पुढचंच दृश्य न्हाणीघरातलं. पण हा मोह टाळा. फार जुळून येतंय.

पावशेर : एकच पाचर मारतो. हिशेबाचा कागद फाडून ती संडासात टाकते. त्यातला एक कपटा पुढे बहिणीला, लायलाला सापडतो. तिला त्यात पैशांचा माग दिसतो. मॅरियनचा प्रियकर सॅम तर पैशांसाठीच नॉर्मनला धारेवर धरतो, आणि नॉर्मनला पैशांचा पत्ताच नाही. वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या नोटा त्याने न बघता मॅरियनच्या प्रेताबरोबर दलदलीत बुडवल्या. उपरती झाली हे सिनेमातल्या एकालाही कळत नाही. तुमच्या वाक्यात हे कुठे आहे?

ताकभात : नव्हतं. आता असं केलं : "मॅरियनला उपरती होते, लायलाच्या हाती मात्र वजाबाकी तेवढी लागते." नवरा अजून घरी आलेला नाही.