मदत हवी आहे: आयोवाची जुनी टोपोशीट दोनशे मीटर दक्षिणेला सरकतेय

नमस्कार मंडळी,

आम्ही अमेरिकेतल्या आयोवात, डे मॉइनच्या दक्षिणेला राहतो. शेजारच्या आजोबांनी यूएसजीएसची (अमेरिकेचं भूसर्वेक्षण खातं) १:२४,०००ची जुनी टोपोशीट (जमिनीचा चढउतार, रस्ते, घरं दाखवणारा नकाशा) दिलीये. घड्यांवर विरलेली, आणि एका काळ्या ठिपक्याभोवती शिसपेन्सिलीने गोल. ठिपक्यावर इवलासा झेंडा, म्हणजे शाळा. त्यांची आई तिथे एकाच खोलीत सगळे वर्ग शिकवायची. आज तिथे नुसता मका. नेमकी जागा कुठली, ते त्यांना बघायचंय.

शीट स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकली. कडेच्या निळ्या यूटीएम खुणांचे (जागा मीटरमध्ये सांगणारी चौकटपद्धत) आकडे वाचून सहा बिंदू दिले, झोन १५ (त्या पद्धतीतला आमचा उभा पट्टा). बिंदू आपसात छान जुळतात. पण उपग्रहचित्रावर ठेवली की अख्खी शीट साधारण दोनशे मीटर दक्षिणेला! इकडे मैलामैलावर सरळसोट रस्ते, त्यामुळे चूक लपत नाही. पूर्व-पश्चिम रस्ते शेतांतून जातात, उत्तर-दक्षिण मात्र जवळपास बरोबर बसतात. कागद आकसला म्हणावं, तर सगळीकडे सारखाच कसा?

सह्याद्रीत सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीट घेऊन भरपूर भटकलोय, पण हे प्रकरण नवीन आहे.

आणखी एक: काही चौकोन भरीव, काही पोकळ, काही घरं चक्क जांभळी. असं का?

प्रतिसाद १
डेटम (जागेचे आकडे ज्या पायावरून मोजतात तो) कोणता निवडलात? खालच्या समासात बारीक अक्षरांत बघा.

धागाकर्ता
१९२७चा नॉर्थ अमेरिकन डेटम लिहिलाय. मी सॉफ्टवेअरच्या यादीतून २६९१५ हा कोड घेतला होता.

प्रतिसाद १
तिथेच घोळ. २६९१५ म्हणजे १९८३चा डेटम. जुना डेटम क्लार्क १८६६च्या लंबगोलावर (पृथ्वीच्या आकाराचं गणिती रूप), नवा जीआरएस ८० या लंबगोलावर. त्यामुळे एकाच जागेचा उत्तरेचा यूटीएम आकडा नव्यात दोनशेएक मीटरने जास्त येतो. बिंदू तेच ठेवा, फक्त कोड २६७१५ (१९२७चा) करा.

भरीव चौकोन राहती घरं, पोकळ म्हणजे गोठे-कोठारं. जांभळं ते मागाहून हवाई छायाचित्रांवरून भरलेलं, जागेवर जाऊन न तपासलेलं. त्यावर बेतानेच विसंबा.

प्रतिसाद २
आजोबांची खूण नको असेल तर एवढा खटाटोप कशाला? यूएसजीएसच्या टोपोव्ह्यूवर जुन्या शीट फुकट मिळतात, जागेवर बसवलेल्या जिओटिफसुद्धा.

धागाकर्ता
बसली! रस्त्यावर रस्ता. पेन्सिलीचा गोल मात्र हवाच होता, म्हणून हा खटाटोप. शनिवारी आजोबांना घेऊन जातोय. शेत आता दुसऱ्याचं आहे, आधी त्या मालकांना विचारतो.