सिंबी की एमआयटी? आधी मिडियन बोला

गणिताचा_मास्तर: सकाळपासून डोकं फिरलंय. सिंबायोसिस (सिंबी) की एमआयटी, या पुण्यातल्या दोन खासगी विद्यापीठांच्या वादात इथल्याच एकाने लिहिलंय, 'बी.टेक.ला डोळे झाकून सिंबी. एमआयटीत आता काय राहिलंय? ब्रँडचे पैसे मोजावेच लागतात.' चार वर्षांचे १० लाखांच्या वर जातात, दोन्हीकडे. ते डोळे झाकून? मेथीची जुडीसुद्धा आपण उलटीपालटी करून घेतो. सिंबीचं नाव झालं एमबीए आणि लॉच्या जोरावर. त्यांचं लवळ्याच्या टेकडीवरचं इंजिनिअरिंग त्या सावलीत उभं आहे. हायेस्ट पॅकेजचे फ्लेक्स दाखवू नका. एनआयआरएफला, म्हणजे केंद्राच्या कॉलेज-रँकिंगला, दिलेली पीडीएफ उघडा, किती पोरं नोकरीला लागली आणि मिडियन, म्हणजे बरोब्बर मधल्या पोराचा, पगार किती ते बोला.

लवळेवाला: तो 'एकाने' म्हणजे मीच. मास्तर, तुमची एमआयटी तरी कुठली? १९८३ची जी एमआयटी लोक आठवतात, तिच्या पोरांच्या डिग्रीवर पुणे विद्यापीठाचा शिक्का आहे. डब्ल्यूपीयू, म्हणजे एमआयटीचं स्वतःचं खासगी विद्यापीठ, झालं २०१७ला. जुन्यांची पुण्याई नव्यांनी किती खायची? आणि ती पीडीएफ कॉलेज स्वतःच भरतं, कॉम्प्युटर-मेकॅनिकल सगळं एकाच पातेल्यात. त्या मिडियनचं काय लोणचं घालू? मी टेकडीवर चार वर्षं काढली. पहिली नोकरी रूममेटच्या ओळखीने लागली. हे कुठल्या रकान्यात बसतं?

सातारची_आई: तुमचं चालू द्या. पण मुलींच्या फीमाफीचं कुणीच बोलत नाही. जुलै २०२४च्या जीआरमध्ये ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना ८ लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर शिक्षण शुल्क पूर्ण माफ. फक्त खासगी अभिमत (सिंबीसारखी डीम्ड) आणि स्वयंअर्थसहाय्यित (एमआयटीसारखी) विद्यापीठं वगळून! म्हणजे तुमची दोन्ही बाद. मला एका खासगी विद्यापीठाच्या काउन्सेलरने 'स्कॉलरशिप मिळेल ताई' म्हणत २५ हजार भरायला लावले. नंतर कळलं, ती त्यांचीच सूट, आणि सीजीपीए घसरला की तीही बंद. पैसे परत मागितले तर प्रोसेसिंगच्या नावाखाली कापून दिले.

दादाराव_डिप्लोमा: मुलींना १००, मुलांना ५० टक्के. माझ्या पोराने काय घोडं मारलंय?

सातारची_आई: भाऊ, आमच्या भावकीत मुलाला बुलेट आणि मुलीला 'बारावी बास झाली' असं चालतं. तेव्हा कुणी टक्के मोजले नाहीत.

दादाराव_डिप्लोमा: सगळ्यांना एका मापात मोजू नका. मी दोन एकरवाला, माझ्याकडे सायकल पण नाही.

सातारची_आई: मग ५० टक्के घेताना सरकारला शिव्या का घालताय?

लवळेवाला: विषय सिंबी-एमआयटीचा होता हो.

दादाराव_डिप्लोमा: ज्याच्या बापाने १० लाख भरले त्यालाच विषय आठवतो.

लवळेवाला: बापाने नाही, बँकेने भरले. हप्ता अजून माझ्या पगारातून जातोय. तोंड सांभाळून.

गणिताचा_मास्तर: हप्ता जातोय आणि दुसऱ्यांना सांगताय डोळे झाका?

लवळेवाला: बरं बाबा, मागे घेतलं. 'एक डोळा उघडा ठेवून सिंबी.' झालं समाधान? पण तुमच्या एमआयटीचा मिडियन अजून तुम्हीही टाकलेला नाही.

गणिताचा_मास्तर: संध्याकाळी टाकतो. क्लास आहे.

सातारची_आई: माझी लेक कॅपच्या, म्हणजे सरकारी प्रवेशफेरीच्या, तिसऱ्या राउंडला सरकारी कॉलेजात लागली. मिडियन तिथलाही बघितला नाही, मास्तर. फीची पावती तेवढी दोनदा वाचली.